पासच्या आधीचा पास

तोलेगेन अबिशेव, मधली फळी, जर्सी आठ.
नेरूळला आला तेव्हा चौतिशीत होता
आणि डाव्या गुडघ्यावर लांब शिवण.
तो तिला खिसा म्हणायचा.
"ह्यात माझं एक अख्खं वर्ष ठेवलंय."

मी किट सांभाळतो. अठरा जर्स्या,
मोजे जोडीने, चिखल आधी गार पाण्यात,
साबण नंतर. घाई केली की गवताचा डाग पक्का होतो.
स्ट्रायकरची जर्सी छातीवर मळते, गोलीची कोपरांवर.
ह्याची चहूबाजूंनी सारखी,
जसा दिवसभर कुणी एकाच चौकात उभा राहून
प्रत्येक हाकेला वळला असावा.

मोडक्या हिंदीत आणि हातांनी कळलं ते असं:
कारागांडा. बाप कोळशाच्या खाणीत.
मैदानावर खालून काळी धूळ, वरून बर्फ,
म्हणून पोरं नारिंगी चेंडू खेळायची,
पांढरा हरवायचा.
एकोणिसाव्या वर्षी मोठ्या संघात.
तेविसाव्या वर्षी देशासाठी, अकरा मिनिटं.
त्यांच्याबद्दल एकदाच बोलला, माझ्यासोबत मोजे उलटे करताना:
चेंडू नऊ वेळा पायाला लागला,
आठ वेळा आपल्याच माणसाकडे गेला.
नवव्याचं विचारू नको.
मग गुडघा. मग दुसरी श्रेणी,
मग पगाराच्या तारखा विसरणारे मालक,
मग एजंटचा फोन आणि हे शहर
जिथे थंडी म्हणजे पंखा दोनवर.

मी विचारलं, तोलेगेन म्हणजे काय?
म्हणाला, भरपाई. आधीची दोन गेली,
त्यांच्या बदल्यात मी.
मला हसू आलं. आमच्या करावे गावात
भरपाई म्हटलं की साडेबारा टक्के, आणि सिडकोच्या खेपा.
मग म्हटलं, माझं नाव धोंडू.
माझ्याआधीही दोन गेली.
आईने मला दगड म्हटलं, म्हणजे कुणी उचलून नेऊ नये.
तो हातातला मोजा तसाच धरून बसला.
दुसऱ्या दिवसापासून सगळ्या संघासमोर मला भाऊ म्हणायचा,
शेवटचा ऊ पार खाडीपर्यंत ताणून.

एकदा त्याच्या ट्रॅकसूटात पांढऱ्या गोट्या निघाल्या, कडक.
कुर्त, म्हणाला. वाळवलेलं दही. खा.
जिभेवर ठेवली
आणि बापाचं मिठागर तोंडात आलं,
फावडं, ऊन, सगळं.
त्याला काही सांगितलं नाही.
दुसरी मागितली.

सुटीच्या दिवशी त्याला सीवूड्सच्या तळ्यावर नेलं.
गुलाबी थवा पाहून हा धिप्पाड गडी
पोरासारखा ओरडला, "कोकिकाझ!"
त्यांच्या गवताळ मुलखातही एका तळ्यावर उतरतात म्हणे.
मी म्हटलं, हेच का ते?
म्हणाला, काय माहीत, यांच्या पाठीवर नाव नसतं.

मार्चमधली शेवटची मॅच. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला त्याला उतरवलं.
चेंडू यायच्या आधी त्याने दोनदा मागे पाहिलं,
मग न अडवता, एका स्पर्शात, उजवीकडे रिकाम्या गवतावर.
तिथे कुणीच नव्हतं. मग रुआता होता.
रुआताने ग्लेनला दिला, ग्लेनने जाळ्यात.
फलकावर ग्लेन. त्याखाली बारीक अक्षरात रुआता.
तिसऱ्या नावाला फलकावर ओळ नव्हती.
ढोल ग्लेनच्या नावाने वाजले, वाजायलाच हवे होते.
तोलेगेन मधल्या वर्तुळात खाली वाकून
बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटली नव्हती.

धुलाईच्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात, मी लिहिलं:
आठ. पासच्या आधीचा पास.
मॅनेजरने विचारलं, हा कसला डाग?
मी म्हटलं, जात नाही तो.

आता आठ नंबर कळंबोलीच्या पोराकडे आहे.
पायात जादू आहे पोराच्या, पण जर्सी फक्त छातीवर मळवतो.
दर वेळी सांगतो त्याला,
चेंडू यायच्या आधी मागे बघ रे.
तो विचारतो, धोंडूकाका, तुम्ही कधी खेळलात का?